चिपळूणला बांधलेली १९ फुटी शिडाची बोट: पाण्यात कुठे सोडू, ठेवू कुठे?

गावठी_शीड
नमस्कार मंडळी. अंगणातल्या शेडमध्ये रखडत रखडत चाललेली बोट एकदाची झाली, फक्त रंगाचा शेवटचा हात राहिलाय. मरीन प्लाय आणि इपॉक्सी, १९ फूट लांब, साडेसहा फूट रुंद, रिकामी पाचशे किलोच्या आसपास. मधलं पातं (बुडातून खाली सोडायची-वर घ्यायची फळी) वर घेतलं की फूटभर पाण्यात तरंगेल, खाली सोडलं की साडेतीन फूट लागेल. मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन.
घरापासून गोवळकोट जवळ, पण बोट तिथेच ठेवायचा धीर होत नाही, २०२१ चा पूर सगळ्यांनी बघितलाय आणि वाशिष्ठीत मगरी आहेत त्या वेगळ्याच. ऑक्टोबर ते मे शनिवार-रविवार फिरायचं एवढंच डोक्यात आहे. दाभोळ, वेलदूर, जयगड, की सरळ विजयदुर्ग? ट्रेलर नाही, टेम्पोत टाकून नेता येईल. परवानग्यांचंही कोणी सांगा.

खाडीकाठचा
अभिनंदन दादा, फोटो टाका की!
सोडायची जागा आणि ठेवायची जागा एकच असायला हवी असं धरून चालू नका. सोडायला गोवळकोट उत्तम. घराजवळ आहे, हायड्रा (चाकांची क्रेन) आत येते, दोन पट्टे घालून बोट उचलून पाण्यात ठेवली की काम झालं. पट्टे मात्र पात्याच्या पेटीवर (पातं ज्या खोबणीत वर येतं ती) येऊ देऊ नका, पुढे-मागे फ्रेम जिथे आहे तिथेच घ्या. आणि बोट लगेच सोडू नका, हायड्राच्या हुकावरच अर्धा तास तरंगत ठेवा, आतल्या फळ्या उचलून हात फिरवा. पेटीचा सांधा गळत असेल तर तिथेच कळेल, परत वर घ्यायला हायड्रा उभीच आहे.
ठेवायला वेलदूर. वाशिष्ठीच्या तोंडाच्या आत, दक्षिण काठावर, बऱ्यापैकी आडोसा आहे. दाभोळच्या बाजूला फेरीची आणि मच्छीमार बोटींची ये-जा जास्त, तुमची छोटी बोट सारखी हिंदकळत राहील.

गावठी_शीड
वा, हे डोक्यातच नव्हतं. मग गोवळकोट ते वेलदूर पाण्यातूनच नेऊ? चाळीसेक किलोमीटर पडेल.

तांडेलाचा_नातू
न्या की, पण दिवस बघून. आमच्याकडे साधा हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ. तेरस असेल तर पावणेदहा. हा हिशोब मुंबईकडचा, खाली दाभोळच्या तोंडाशी भरती त्याच्या थोडी आधी होते आणि वर चिपळूणपर्यंत चढायला परत वेळ घेते, त्यामुळे आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन पायरीवर खूण करून या, कागदापेक्षा ते खरं.
उधाण पुनवेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात मोठं असतं, त्याच्यानंतर बोट सोडायची नाही. का, तर वाटेत वाळूवर बसलात तर पुढची प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा कमी येणार आणि पुढच्या उधाणापर्यंत बोटीला राखण बसावं लागणार. तेरस-चतुर्दशीला निघालात तर पुढची भरती मोठी, आपोआप उचलेल. निघायचं पण भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी, थोडा वेळ पाणी समोरून येईल पण वरची उथळ जागा चढत्या पाण्यात पार होते, मग पुढे ओहोटी तुम्हाला आयतीच घेऊन जाते. आणि कोयनेचं वीजघराचं पाणी कोळकेवाडीवरून वाशिष्ठीतच येतं, त्यामुळे वरच्या भागात भरती-ओहोटीचा हिशोब नसताना पण ओढ लागते, दचकू नका. डोलकाठी आडवीच ठेवा, वीजतारा नि पूल बघत बसायला नको.

फिरकी_शॅकल
नांगराबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. आठवडाभर बोट एकटी राहणार तर साध्या नांगरावर सोडू नका, कायमचा ठोकळा टाका. काँक्रीटचा टाकणार असाल तर लक्षात ठेवा, पाण्यात काँक्रीटचं चाळीस टक्के वजन जातं, ३०० किलोचा ठोकळा खाली जेमतेम पावणेदोनशेचा. चिखलात तो रुतून बसतो ते आपल्या फायद्याचं. साखळी उधाणाच्या खोलीच्या तिप्पट, मध्ये फिरकी (गोल फिरणारी कडी) हवीच, नाहीतर दिवसातून चार वेळा ओढ फिरते आणि साखळीला पीळ बसतो. शॅकलची (साखळी जोडायच्या कडीची) पिन तारेने बांधा. सगळ्यात आधी झिजते ती साखळीची जमिनीला घासणारी दोन-चार हात लांबी, बाकी साखळी नवीकोरी दिसत असली तरी तेवढी वर काढून बघत जा.

कातळावरचा
मी उलटं सांगतो. ठेवूच नका पाण्यात. प्लायवर इपॉक्सी कितीही मारा, एक ओरखडा पडला की पाणी आत. शिवाय महिन्याभरात बुडाला शिंपले-कालवं धरतात आणि शीड ओढेनासं होतं. अँटीफाउलिंग (शिंपले धरू न देणारा रंग) मारलं तर प्रश्न कमी होतो, संपत नाही. पाचशे किलो म्हणजे ट्रेलरचीच बोट आहे. आज दाभोळ, उद्या जयगड, दिवाळीच्या सुट्टीत विजयदुर्ग, तिथे वाघोटणच्या खाडीत आडोसाही मस्त आणि गिर्येजवळची आंग्रेकालीन गोदी बघून होते. एका जागी बांधून का घेताय स्वतःला?

खाडीकाठचा
@कातळावरचा ट्रेलर बरोबर, पण रॅम्प कुठेत आपल्याकडे? ओहोटीला अर्ध्या रॅम्पचं टोक चिखलात असतं, टेम्पो रुतला की जेसीबी बोलवा.
परवानगीचं: मेरीटाइम बोर्डाचे बंदर निरीक्षक असतात त्यांना आधी भेटा, दाभोळ रत्नागिरी गटात येतं. नोंदणी, नंबर, विमा हे बोट पाण्यात जायच्या आधी. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी बोट दिसली की विचारपूस होतेच, म्हणून सागरी पोलीस चौकीत पण सांगून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेलदूरला मच्छीमार सोसायटीत जाऊन दोन चहा प्या. नांगराची जागा कागदावर कुणाच्या नावावर नसली तरी कुणाची होडी कुठे राहते हे तिथे पोराटोरांना ठाऊक असतं. न विचारता ठोकळा टाकलात नि रात्री कुणाचं जाळं त्यात अडकलं तर पुढचं मी सांगायला नको. तिथलाच एखादा माणूस महिन्यावर लावून द्या, पाणी उपसेल, दोरी बघेल.

तांडेलाचा_नातू
आणि दुपारनंतर तोंडाबाहेर जाऊ नका. सकाळी मतलईवर (जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यावर) बाहेर, खारा वारा (समुद्राकडचा) चढायच्या आधी परत खाडीत. ओहोटी बाहेर जात असताना वायव्येचा वारा समोरून आला की दांड्यावर (तोंडाशी साचलेल्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर) लाटा उभ्या राहतात, १९ फुटीला ते झेपत नाही.

गावठी_शीड
सगळ्यांचे आभार. आधी निरीक्षक, मग वेलदूरचा चहा, आणि कार्तिकातली तेरस धरतो. @फिरकी_शॅकल ठोकळा घरी ओतू की तिथेच? तीनशे किलो होडीतून नेऊन टाकायचा कसा हेच कळेना.

फिरकी_शॅकल
काठावरच ओता, भरतीचं पाणी पोचतं पण ओहोटीला जागा उघडी पडते तिथे, कडी आधीच आत बसवून. सुकला की ओहोटीला दोन रिकामे ड्रम बांधायचे, भरतीला आपोआप उचलतो, मग होडीने ओढत न्या नि जागेवर दोरी कापा. दोनशे लिटरचे ड्रम घ्या, झाकणं घट्ट असलेले.