विषय: शनिवार शाळेचा हॉल आणि चर्चचं निमंत्रण

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार मंडळी,
दोन गोष्टी कळवायच्या आहेत. आपली शनिवारची मराठी शाळा ज्या चर्चच्या हॉलमध्ये भरते, त्यांनी एप्रिलपासून भाडं तासाला ४ पौंडांनी वाढवलंय. शिवाय त्यांच्या वर्धापनदिनाच्या उपासनेला त्यांनी मंडळाला बोलावलंय. आपल्यातलं कुणी पाच मिनिटं बोलावं, अशी पास्टरांची इच्छा आहे. गुरुवारपर्यंत मत कळवा.

प्रेषक: खजिनदार

३० शनिवार, दोन-दोन तास, म्हणजे वर्षाला २४० पौंड जादा. लायब्ररीवरची खोली स्वस्तात मिळते का ते बघतो. निमंत्रणाबद्दल आभाराचं पत्र पाठवू, भाषण नको. त्यांच्या चर्चशी आपला काय संबंध?

प्रेषक: माजी अध्यक्षा

अरे, हिशेब तुझा बरोबर आहे. पण शेवटचं वाक्य वाचून राहवेना. तुझ्या लेकीला ग-म-भ-न मीच गिरवायला लावलं, म्हणून हक्कानं लिहिते.

मिरजेला नर्सिंग शिकून मी १९७२ साली इंग्लंडला, इथे वुल्वरहॅम्प्टनला आले. रात्रपाळीला माझ्यासोबत जमैकाची एक सिस्टर असायची, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. ती याच चर्चची. पहाटे चारच्या चहाला तिच्या तोंडून जे ऐकलं, ते अजून जसंच्या तसं आठवतं.

१९४८ च्या नागरिकत्व कायद्याने जमैकासारख्या कॅरिबियन बेटांवरची ही माणसं ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींचे नागरिक म्हणून हक्कानं इथे आली. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्यातल्या शेकडोंना घेऊन ‘एम्पायर विंडरश’ बोट लंडनजवळ टिलबरीला लागली. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट घरांत वाढलेली माणसं ही. ‘हा आमचा सभासद, याला सांभाळून घ्या’ अशी गावच्या पाद्र्याची चिठ्ठी कित्येकांच्या ट्रंकेत असायची. पहिल्याच रविवारी ठेवणीतले कपडे घालून इथल्या गोऱ्यांच्या चर्चला जायचे. जमैकाचे कार्मेल जोन्स १९५५ साली असेच गेले. उपासना संपल्यावर व्हिकरने, म्हणजे तिथल्या पाद्र्याने, त्यांचे आभार मानले आणि सांगितलं, पुन्हा आला नाहीत तर बरं होईल, काळ्या माणसांसोबत आमच्या लोकांना अवघडल्यासारखं होतं. देवाच्या दारात असं ऐकून घ्यायचं आणि सोमवारी पहाटे कामावर हजर व्हायचं!

मग घरातच उपासना सुरू झाली. भाड्याची खोली, मधोमध रॉकेलचा हीटर, पाचजण पलंगावर, बाकीचे जिन्यात. जमैकाचेच ऑलिव्हर लायसाइट १९५१ साली या देशात आले. सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांनी आपल्याच गावात वायएमसीए या ख्रिस्ती संस्थेच्या हॉलमध्ये मोजक्या माणसांची सभा घेतली. त्यातून ‘न्यू टेस्टामेंट चर्च ऑफ गॉड’ उभं राहिलं. आज देशभर त्यांच्या शंभराहून जास्त मंडळ्या आहेत. सुरुवात दुसऱ्याच्या हॉलमध्ये झाली, हे लक्षात घे.

आणि याच गावाचे तेव्हाचे खासदार इनॉक पॉवेल. एप्रिल १९६८ मधल्या त्यांच्या बाहेरून आलेल्यांविरुद्धच्या त्या भाषणानंतरचे रविवार कसे गेले, हे सांगताना सिस्टर हातातला कप खाली ठेवायची.

बँका त्यांना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून पार्डनर. म्हणजे आपली भिशीच रे! पगाराचं पाकीट हातात आलं की ठरलेली रक्कम टाकायची, एकीने सांभाळायची आणि पाळीपाळीने सगळी रक्कम एकेकाने उचलायची. उचललेल्या रकमेला ते ‘ड्रॉ’ म्हणतात. अशाच पैशांतून घरं झाली आणि पुढे चर्चच्या इमारतीही. आपण वापरतो तो हॉल विकत घेताना सिस्टरने आपला अख्खा ड्रॉ देऊन टाकला होता, नव्या कोटासाठी ठेवलेला. तिच्याकडे लाल पुठ्ठ्याची वही असायची, नावापुढे बरोबरची खूण. माझंही नाव होतं त्यात. आमच्या घराच्या डिपॉझिटमधले दीडशे पौंड त्या वहीतून आले. त्याच कार्मेल जोन्स यांनी १९८० मध्ये पेंटेकोस्टल क्रेडिट युनियन, म्हणजे सभासदांची पतपेढी, काढली, तीही या पार्डनरच्याच धर्तीवर.

भाड्याबद्दल जरूर बोला. पण संबंध काय, असं परत विचारू नकोस.

प्रेषक: पालक प्रतिनिधी

आजी, मागे कोजागिरीला तुम्ही पंडिता रमाबाईंचं काहीतरी म्हणाला होतात. ते याच्याशी जोडलेलं आहे का?

प्रेषक: माजी अध्यक्षा

आहे गं. या चर्चची उपासना पेंटेकोस्टल पद्धतीची. मोठ्याने प्रार्थना, टाळ्या, अश्रू, अंगात पवित्र आत्म्याचा संचार. या पंथाचा इतिहास सांगताना १९०६ चं लॉस एंजेलिस पुढे येतं. तिथे अझुसा रस्त्यावर विल्यम सेमूर हे कृष्णवर्णीय उपदेशक, गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा, सभा घेत होते. पण त्याच्या आदल्या वर्षी, जून १९०५ मध्ये, पुण्याजवळ केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या मुली अशाच रडत, गात प्रार्थना करत होत्या. विधवा, टाकलेल्या, दुष्काळातून वाचवून आणलेल्या पोरी. अझुसाच्या वृत्तपत्रात हिंदुस्थानातल्या बातम्या छापून यायच्या. मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांची पुस्तिका तर पार चिलीपर्यंत पोचली आणि तिथे १९०९ मध्ये नवी चळवळ उभी राहिली. पंथाचा उगम एकट्या अमेरिकेत मानायचा की केडगावलाही, यावर अभ्यासक वाद घालतात. माझं मत विचारशील, तर त्या मुलींचं नाव आधी घ्यायला हवं.

सिस्टरला हे मी सांगितलं तेव्हा तिने मला ‘केडगाव’ तीनदा म्हणायला लावलं, उच्चार नीट यावा म्हणून.

प्रेषक: खजिनदार

आजी, पास्टरांना मी स्वतः भेटतो. वाढ दोन टप्प्यांत घ्याल का, एवढंच विचारेन. लायब्ररीला फोन करत नाही. रविवारी माझ्या गाडीत चार जागा आहेत.

प्रेषक: सचिव

मग पाच मिनिटं आजींची. शाळेची मुलं एखादं गाणं म्हणतील का?

प्रेषक: माजी अध्यक्षा

म्हणू देत, दोन कडवी पुरेत. सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घाला, तिथे रविवारी साध्या कपड्यांत कुणी येत नाही. बायकांच्या हॅट बघाल तर थक्क व्हाल. उपासना अकराला सुरू होते, कधी संपेल ते विचारू नका. नंतर जेवण आहे, नारळाच्या दुधात शिजवलेला राजम्याचा भात. डबे आणू नका, त्यांना वाईट वाटतं.