जनरल सर्जरीचा पसंतीक्रम भरताना रुग्णालयाविषयी नेमके काय विचारावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात माझी इंटर्नशिप संपत आली आहे. नीट-पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी चालू असून गुणांनी साथ दिली तर एमएस जनरल सर्जरीच घ्यायची, हे घरच्यांचा रेडिऑलॉजीचा आग्रह बाजूला ठेवून ठरवले आहे. त्यामुळे 'सर्जरी घ्यावी का' हा माझा प्रश्न नाही. प्रश्न पसंतीक्रमाचा आहे. मुंबईतील मोठी महापालिका रुग्णालये, जिल्ह्याच्या ठिकाणची शासकीय महाविद्यालये आणि खासगी रुग्णालयांतील डीएनबी (एमएसच्या तोडीची, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी), असे तीन रस्ते माझ्यासमोर दिसतात. ज्याला विचारावे तो नावावरून उत्तर देतो: 'केईएम मिळाले तर डोळे झाकून घे.' अभिमत विद्यापीठांचे शुल्क आमच्या आवाक्याबाहेरचे असल्याने तो विचार सोडला आहे. तीन वर्षांनंतर निवासी डॉक्टर स्वतःच्या हाताने शस्त्रक्रिया करण्याजोगा तयार होतो की नाही, हे नेमके कशावर ठरते आणि अर्ज भरण्यापूर्वी ते कसे ओळखावे, यावर जाणकारांनी लिहावे.

रात्रपाळी

मी मराठवाड्यातील एका शासकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. रुग्णालयाचे नाव आणि तुमच्या हाताला मिळणारे काम यांचा संबंध असतो, पण लोक समजतात तितका सरळ नसतो. मोठ्या रुग्णालयात एमसीएचचे (सर्जरीनंतरच्या अतिविशेष शाखांचे) स्वतंत्र विभाग असतात. मूत्रविकार, पोट व यकृत, कर्करोग हे रुग्ण बहुधा तिकडे वळतात आणि जनरल सर्जरीच्या युनिटकडे उरलेल्या शस्त्रक्रियांवर निवासी डॉक्टरांची रांग लागते. आमच्याकडे असे विभाग मोजके असल्यामुळे बैलाने शिंग खुपसलेल्या पोटापासून फूर्निए गँगरीनपर्यंत (जननेंद्रियाभोवतीचा भाग सडवणारा जंतुसंसर्ग) सगळे आमच्याच दारात येते. मात्र मुंबईत जो रुग्ण दोन ज्येष्ठांच्या चर्चेतून पुढे जातो, त्याच्याबाबतचा निर्णय इथे मध्यरात्री दुसऱ्या वर्षाच्या मुलाला वरिष्ठांना फोनवर विचारून घ्यावा लागतो. हे प्रत्येकाला मानवत नाही.

म्हणून रुग्णालयाचे नाव विचारण्यापेक्षा तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या निवासी डॉक्टरांना शोधून एकच गोष्ट खोदून विचारा: इन्ग्वायनल (जांघेतल्या) हर्नियाची शस्त्रक्रिया कोण करतो? 'सर करतात, आम्ही असिस्ट करतो' हे उत्तर तिसऱ्या वर्षाच्या मुलाकडून आले तर सावध व्हा. 'दुसऱ्या वर्षापासून आम्ही करतो, लेक्चरर समोर उभे असतात' असे आले तर ते युनिट चांगले आहे. आणि 'आम्हीच करतो, कोणी नसते' असे कोणी अभिमानाने सांगितले, तर ते पहिल्याहूनही वाईट समजा. आमचे एक शिक्षक हर्नियाची जाळी बसवण्यापूर्वी हात थांबवायला लावतात आणि इलिओइन्ग्वायनल नर्व्ह (जांघेतली एक नस) चिमट्याच्या टोकाने दाखवल्याशिवाय पहिला टाका घेऊ देत नाहीत. कितीही हर्निया एकट्याने केले तरी ही सवय आपोआप लागत नाही.

पहिल्या वर्षाबद्दलही स्पष्ट लिहितो. ते वर्ष शस्त्रक्रियेचे नसते. रक्ताचे नमुने, राउंडच्या आधीची ड्रेसिंग्ज, मधुमेही पायांची डिब्राइडमेंट (सडलेला भाग काढणे), छातीत आयसीडी (निचऱ्याची नळी) घालणे, सीटीसाठी रुग्णाची ट्रॉली स्वतः ढकलत नेणे, यात ते जाते. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नसावे आणि आठवड्याला ४८ तासांचे काम असावे, असे लिहिले आहे. ते वाचून हसू येईल अशी बहुतेक ठिकाणची स्थिती आहे. तेव्हा पहिल्या वर्षाची किती मुले जागा सोडून गेली, हेही विचारून घ्या.

सह्यपायथा

डीएनबीविषयी लिहितो, कारण मी त्याच मार्गाने आलो आणि आता कोकणात एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. डीएनबी म्हणजे दुय्यम पदवी, हा समज आता तरी सोडावा. मात्र डीएनबीची रुग्णालये एका जातीची नसतात. जिथे रुग्ण एखाद्या नामांकित सर्जनचे नाव ऐकून आणि पैसे मोजून येतो, तिथे सुरी त्याच सर्जनच्या हातात राहणार. तुम्ही लॅप्रोस्कोपीचा कॅमेरा उत्तम धरायला शिकाल. ट्रस्टची, रेल्वेची किंवा सामान्य वॉर्डात भरपूर खाटा असलेली रुग्णालये वेगळी असतात. तिथे निवासी डॉक्टरच्या हाताला काम मिळते. त्यामुळे डीएनबीची जागा निवडताना इमारतीपेक्षा सामान्य वॉर्डातील खाटा आणि अपघात विभागाची वर्दळ पाहावी.

एक फायदा मात्र मान्य करायला हवा. दुर्बिणीची शस्त्रक्रिया मला खासगी रुग्णालयात फार लवकर आणि फार शिस्तीने पाहायला मिळाली. पित्ताशय काढताना कॅलॉटचा त्रिकोण (पित्ताशयाची नलिका व रक्तवाहिनी असलेली जागा) पूर्ण मोकळा करून, पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसल्याखेरीज क्लिप लावायची नाही, हा नियम तिथे कोणाच्याही घाईसाठी मोडला जात नसे. परीक्षेच्या बाबतीत मात्र डीएनबीचा विद्यार्थी थोडा एकटा पडतो. एमएसला तुमच्या विभागात रोज केस मांडण्याची रीत असते. खासगी रुग्णालयात लाँग केसचा (परीक्षेत एक रुग्ण सविस्तर तपासून मांडण्याचा) सराव स्वतः जमवावा लागतो. मी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मित्रांच्या क्लिनिकला जाऊन बसत असे.

निळा_गाऊन

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, फक्त एक भर घालते. प्रश्नकर्ते पुरुष आहेत की स्त्री ते लिहिलेले नाही, पण हा धागा मुलीही वाचतील. त्यांनी त्या विभागात आधी मुली होत्या का आणि त्यांना शस्त्रक्रिया वाटून देताना कसे वागवले गेले, हे त्या मुलींनाच विचारावे, पुरुष सहकाऱ्यांना नव्हे. ऑन-कॉलच्या रात्री मुलींसाठी वेगळी, आतून कडी लागणारी ड्यूटी रूम आहे का, हेही विचारावे. प्रश्न किरकोळ वाटतो. त्याचे उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरून विभागाचा बराच अंदाज येतो.

टेबल_व्हायवा

मी एका शासकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. प्रशिक्षणाविषयी वर चांगले लिहिले गेले आहे, म्हणून मी प्रवेशाच्या बाजूकडे वळतो.

नीट-पीजीत २०० प्रश्न आणि ८०० गुण असतात; बरोबर उत्तराला ४, चुकीला १ वजा. २०२४ पासून प्रश्नपत्रिका ४० प्रश्नांच्या पाच भागांत विभागली गेली असून प्रत्येक भागाला ४२ मिनिटे मिळतात आणि वेळ संपली की मागच्या भागाकडे परतता येत नाही. कठीण प्रश्न शेवटासाठी राखून ठेवण्याची जुनी सवय असेल तर ती आताच मोडा. एम्स नागपूरसारख्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा असते, ती वर्षातून दोनदा होते आणि तिचा अर्जही स्वतंत्र भरावा लागतो.

शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते, उरलेल्या निम्म्या राज्याचा सीईटी कक्ष भरतो. डीएनबीच्या जागा एमसीसीकडेच असतात. दोन्हीकडे नोंदणी करा. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेतल्यास अनामत जात नाही, पण पुढच्या फेऱ्यांत नियम कडक होत जातात. राज्य कोट्याबाबत मागच्या बॅचच्या सल्ल्यावर विसंबू नका: २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील अधिवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले, संस्थात्मक प्राधान्य (त्याच संस्थेतून एमबीबीएस केलेल्यांना) मात्र वाजवी मर्यादेत ग्राह्य धरले. बाँडची (सक्तीच्या शासकीय सेवेची) अट आणि जागा सोडल्यास भरावयाचा दंड, ही दोन पाने त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून स्वतः वाचावीत.

पसंतीक्रमात 'मिळणार नाही' म्हणून वरची नावे गाळू नका. जागा तुमच्या क्रमानुसारच मिळते, वर नाव लिहिल्याने काही बिघडत नाही. आणि जिथे जायचेच नाही ते नाव यादी भरावी म्हणून खाली लिहू नका.

प्रवेशानंतरची एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. अनेक मुले ते महिने अभ्यासाची रजा समजतात. ज्या सिव्हिल हॉस्पिटलात एखादा उत्साही सर्जन आहे, तिथे हायड्रोसील, हर्निया, सिझेरियनला मदत असे काम त्या तीन महिन्यांत इतके मिळते की परतल्यावर आम्हाला मुलाच्या हातात फरक दिसतो. थिसिसचा विषय मात्र असा निवडा की ज्याचे रुग्ण तुमच्याच युनिटमध्ये येतात. परीक्षेपूर्वी किमान सहा महिने तो सादर करावा लागतो आणि दुर्मिळ आजाराचे रुग्ण गोळा करता करता निवासी डॉक्टरच्या तोंडाला फेस येतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हर्नियाचा प्रश्न ज्या तीन महाविद्यालयांबाबत विचारता येईल तिथले ओळखीचे सीनियर शोधतो आहे. आणखी एक शंका: इंटर्नशिपचे जे थोडे दिवस उरले आहेत त्यांत हाताच्या तयारीसाठी काही करता येईल का, की सगळा वेळ प्रश्नसंचांनाच द्यावा?

रात्रपाळी

वेळ प्रश्नसंचांनाच द्या. पण ओटीतून टाकून देण्यासारखे उरलेले सिल्क सिस्टरांकडून मागून घ्या आणि खुर्चीच्या पाठीला एका हाताने गाठी मारायला शिका, आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने. व्हिडिओ ऐकत असतानाही हे करता येते. कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगला डोक्यावरच्या जखमा शिवायला मिळाल्या तर सोडू नका, आणि नीडल होल्डरच्या कड्यात बोटे खोलवर न अडकवता, फक्त टोकाने धरायची सवय लावून घ्या. पहिल्या वर्षाला ती कोणी शिकवत बसत नाही, ओरडतात फक्त.