मदत हवी आहे : अपघातग्रस्त कुटुंबांच्या गटासाठी स्मरणदिवस, तिळगूळ आणि हुरडा

भीमाकाठ :
नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी रस्ते अपघातातल्या कुटुंबांचा गट चालवतो. २८ घरं आहेत. १९ घरांतली माणसं गेलीत, मिळून २३ नावं. बाकीच्या ९ घरांत कायमचे जखमी, त्यातले चौघे व्हीलचेअरवर. आजवर महिन्याला एक बैठक होते आणि तीत नुकसानभरपाईच्या दाव्यांशिवाय दुसरा विषय निघत नाही. ज्यांचा दावा निकाली निघाला ते येणं थांबवतात, ज्यांचा अडकलाय ते आणखी उदास होऊन घरी जातात.

म्हणून या वर्षी बैठकांखेरीज तीन कार्यक्रम करायचे आहेत : नोव्हेंबरात स्मरणदिवस, संक्रांतीला बायकांचं हळदीकुंकू आणि जानेवारीतच सगळ्यांसाठी हुरडा. आचारी, मंडप यांची माहिती आहे. अशा गटात नेमकं काय बिनसतं आणि ते आधीच कसं टाळायचं, हे जाणकारांनी सांगावं.

पांदण :
स्मरणदिवसापासून सुरू करतो. नोव्हेंबरचा तिसरा रविवार रस्ते अपघातातल्या बळींच्या स्मरणाचा दिवस म्हणून जगभर पाळतात. १९९३ साली ब्रिटनमधल्या कुटुंबांनी तो सुरू केला, २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केला. तारीख १५ ते २१च्या मधे पडते, म्हणजे बहुधा दिवाळी नुकतीच सरलेली असते. माणूस गेल्यानंतरची पहिली दिवाळी ज्या घरांनी काढलीय, ती घरं त्या आठवड्यात फार हळवी असतात. निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, त्या घरी जाऊन सांगा.

सगळ्यात जास्त वेळ नावांच्या यादीला द्या. प्रत्येक घरातून एकाकडून नाव लिहून घ्या, कसं उच्चारायचं ते विचारा, मागे गावाचं नाव लावायचं का तेही विचारा. 'रामचंद्र' लिहिलेलं असतं आणि घरात सगळे 'रामू' म्हणतात. आईला कोणतं ऐकायचंय ते तिनेच ठरवावं. नाव वाचायला आणि फोटो लावायला सहीनिशी संमती घ्या. फोटो हसरा, घरचा. वर्तमानपत्रातलं कात्रण किंवा गाडीचा चेंदामेंदा झालेला फोटो कुणी आणला तरी लावायचा नाही.

वाचणारा एकच असावा आणि त्याने यादी आदल्या दिवशी मोठ्याने दोनदा वाचलेली असावी. एका नावाला २० ते २५ सेकंद धरा : नाव, थोडा थांबा, घरच्यांनी पणती लावायची. २३ नावांना दहा मिनिटं लागतात. घाई केलीत तर लोक दुखावतात. पणत्या बाहेर ठेवणार असाल तर काचेच्या ग्लासात ठेवा. नोव्हेंबरातल्या संध्याकाळी वारं असतं आणि आपल्या माणसाची पणती विझलेली पाहणं घरच्यांना सोसत नाही. वात आधीच तेलात भिजवून ठेवा, म्हणजे थरथरत्या हाताने काडी लावली तरी पहिल्याच वेळी पेटते.

नाव वाचताना अपघाताचं कारण बोलायचं नाही. पाहुणे बोलावलेत तर त्यांना लेखी कळवा की हेल्मेट, दारू, वेग यांवर भाषण नको. 'हेल्मेट घातलं असतं तर' हे वाक्य ज्या आईने हजार वेळा स्वतःशी म्हटलंय, तिच्यासमोर ते माइकवरून जाऊ देऊ नका. वाहतुकीच्या नियमांचं प्रबोधन वेगळ्या दिवशी शाळेत करा, तिथे ते हवंच आहे. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो नकोत आणि 'पीडित' हा शब्दही नको. 'अपघातग्रस्त कुटुंबे' एवढं पुरे.

भीमाकाठ :
एक अवघड गोष्ट राहिली. दोन घरं एकाच अपघातातली आहेत. एकाचा मुलगा मोटरसायकल चालवत होता, दुसऱ्याचा मागे बसला होता. दोघेही गेले. घरं एकमेकांशी बोलत नाहीत.

पांदण :
तुमच्याकडून समेटाचा प्रयत्न त्या दिवशी करू नका. यादी अपघाताच्या तारखेने लावलीत तर ही दोन नावं पाठोपाठ येतील, म्हणून यादी नावाच्या अक्षराने लावा आणि तरीही शेजारी आली तर गावाने लावा. बसायची जागा समोरासमोर नको, दोन्ही घरं एकाच बाजूला पण तीन-चार रांगा सोडून. दोन्ही घरांना आधी स्वतंत्रपणे सांगा की दुसरं घर येणार आहे. आयत्या वेळी कळलं तर एक जण उठून जाईल आणि ते सगळ्या हॉलला दिसेल.

शेवंती :
भीमाकाठदादा, हळदीकुंकवाचं मी सांगते. १९ घरांत माणूस गेलंय, म्हणजे बऱ्याच बायका विधवा असणार. नुसतं 'हळदीकुंकू' असं निमंत्रण गेलं तर त्या येणारच नाहीत, किंवा येऊन स्वयंपाकघरात थांबतील. 'तिळगूळ मेळावा' म्हणा आणि पुरुष, मुलं, सासवा सगळ्यांना बोलवा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि १७ मे २०२२ला राज्य सरकारनेही परिपत्रक काढून तो कित्ता गिरवायला सांगितलं. सासू-सासऱ्यांशी बोलताना या ठरावाचा आधार फार उपयोगी पडतो, कारण मग ते गटाचं खूळ वाटत नाही.

पण जबरदस्ती नको. ओळीने बसवून प्रत्येकीला कुंकू लावत जाऊ नका. जिला नको असतं तिची मान मागे जाते आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे वळतं. हळदीकुंकवाचं ताट, फुलं, गजरे दाराजवळच्या टेबलावर मांडून ठेवा. जिला हवं ती स्वतः घेईल, मैत्रिणीला लावेल. त्या टेबलाचे फोटो अजिबात नकोत. गावात तो फोटो फिरला की तिला पुढच्या वर्षी घराबाहेर पडू देत नाहीत. वाण सगळ्यांना एकसारखं द्या, सवाशिणींना वेगळं असं करू नका. उखाणे टाळा, त्याऐवजी गाणी, भेंड्या, संगीत खुर्ची.

लाडवांचं प्रमाण : १ किलो तीळ, १ किलो चिक्कीचा गूळ, पाव किलो दाण्याचं कूट. २० ग्रॅमचे लहान लाडू केले तर शंभराच्या वर होतात. वळायला बायकांना आदल्या दुपारी एकत्र बोलवा. पाक गरम असेपर्यंत हात थांबवता येत नाहीत, तळव्याला तूप लावत भराभर वळावं लागतं, आणि अशा वेळी ज्या बैठकीत तोंड उघडत नाहीत त्याही बोलायला लागतात. मला विचाराल तर खरा कार्यक्रम तोच. दहा-बाराच बायका, आणि तिथे भाषण नको.

मुलांसाठी पतंग मात्र ठेवू नका. नायलॉनच्या मांज्याने दुचाकीवाल्यांचे गळे कापले जातात. तुमच्या गटात तसं एखादं घर आज नसलं तरी उद्या येईल. आणि 'रस्ता सुरक्षा' या विषयावर चित्रं काढायलाही सांगू नका. मूल अपघातच काढतं आणि परीक्षक त्याला नंबर देतो. विषय मोकळा ठेवा.

रानवाट :
हुरड्याबद्दल. व्हीलचेअरवाले चौघे आहेत म्हणून जागेची पाहणी आधी करा, तीही खुर्ची सोबत नेऊन. नांगरलेल्या काळ्या रानात पुढची लहान चाकं रुततात. आगटीजवळ, म्हणजे कणसं भाजायच्या विस्तवाजवळ, आणि जेवायच्या जागी जुन्या प्लायवूडच्या फळ्या टाका. एक इंच चढाला एक फूट उतार लागतो, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांची फळी. संडासाचं दार ३२ इंच मोकळं हवं, नाहीतर खुर्ची आत जात नाही. हे जमत नसेल तर कनातीचा आडोसा करून कमोड खुर्ची ठेवा. लघवीची पिशवी लावलेली असेल तर तीन-चार तासांनी रिकामी करावी लागते, त्याला एक माणूस नेमलेला हवा. सबंध दिवस बसून राहिल्याने जखमा होतात; दर अर्ध्या तासाने अंग उचलायची आठवण करा, उशी घरची आणायला सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांच्या मणक्याला मार आहे त्यांना कमरेखाली चटका कळत नाही. आगटीतून काढलेल्या कणसाचा हुरडा चोळून कुणी प्रेमाने त्यांच्या मांडीवरच्या ताटलीत टाकतं, स्टीलची ताटली तापते, आणि मांडीवरचा फोड घरी गेल्यावर दिसतो. तो भरायला महिने लागतात. मांडीवर लाकडी पाट किंवा जाड कापडाची घडी द्या, खुर्ची आगटीपासून सहा फूट लांब. वाढणाऱ्या पोरांना हे आधी सांगून ठेवा.

७० माणसांना माणशी १५० ते २०० ग्रॅम, म्हणजे अकरा ते चौदा किलो निवडलेला हुरडा. हुरड्याची गुळभेंडी ज्वारी मिळाली तर उत्तम. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हुरडा पोटभर झाला की जेवण कमी जातं : माणशी दीड भाकरी, किलोला बारा धरून नऊ किलो पीठ, आणि भरताला आठ किलो वांगी पुरतात.

प्रवास हा तुमच्या लोकांसाठी सगळ्यात कठीण भाग. एसटीचा प्रासंगिक करार करा, म्हणजे अख्खी बस भाड्याने घ्या, किंवा टेम्पो ट्रॅव्हलर, पण एका बाजूचं अंतर तासाभराच्या आत ठेवा आणि परत येताना दिवस मावळायच्या आत घर गाठा. प्रत्येक घराला अपघाताची जागा विचारून घ्या आणि रस्ता ती टाळून ठरवा, फेरा पडला तरी चालेल. चालकाला निघण्यापूर्वी बाजूला घेऊन सांगा की गाडीत कोण बसलंय. वेग ५०च्या आत, मोबाइल नाही, ओव्हरटेक नाही. चालकाशेजारची सीट कुणाला देऊ नका, तिथून समोरून येणारा ट्रक अंगावर आल्यासारखा दिसतो. कुणी घाबरून उतरायचं म्हणालं तर गाडी लगेच थांबवायची, आणि मागे एक मोकळी जीप ठेवायची.

भीमाकाठ :
तिघांचेही आभार. प्लायवूड आणि पाट आजच वहीत लिहून घेतलं. शेवटचं : या कार्यक्रमांतही लोक दाव्याचं विचारणारच. तेव्हा काय करायचं?

पांदण :
'आज नको' म्हणून गप्प करू नका, वेळ ठरवून द्या. कार्यक्रमाच्या आधी एक तास, वेगळ्या खोलीत, टेबल मांडून. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला महिनाभर आधी पत्र दिलं तर विधी स्वयंसेवक येतो. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. धडक देऊन पळालेल्या गाडीच्या प्रकरणांत २०२२च्या योजनेप्रमाणे मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात. ही माहिती छापून त्याच टेबलावर ठेवा. तासाने टेबल उचलायचं. टक्केवारीवर दावे लावून देणारे एजंट अशा कार्यक्रमांत हमखास शिरतात, म्हणून दाराशी गटातलाच, सगळ्यांना ओळखणारा माणूस बसवा.

शेवंती :
आणि स्मरणदिवसानंतरच्या सोमवारी-मंगळवारी २८ही घरांना फोन करा. सात जणींनी चार-चार घरं वाटून घ्या. कार्यक्रमाबद्दल अभिप्राय विचारायचा नाही, 'जेवलात का, झोप लागली का' एवढंच. तीन रात्री झोप नाही असं कुणी म्हणालं तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर द्या, मराठीत बोलतात. आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी स्वतः जा.