आधी साकी-दिंडी, मग रागदारी
मराठी संगीत नाटकांतली गाणी, म्हणजे नाट्यपदं, पहिल्यापासून रागदारीचीच, असं कुणीतरी म्हटलंय. मला ते पटत नाही. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यात साक्या-दिंड्या, म्हणजे साध्या ठरावीक चालीत म्हणायची जुनी मराठी वृत्तं, भरपूर होत्या. पदं छोटी, गोष्ट पुढे नेणारी. माझी आजी भाजी निवडताना दिंडीच गुणगुणायची, ओळीतला शेवटचा शब्द जरा लांबवून. ती चाल अजून कानात आहे.

खरं वळण आलं १९११ च्या 'मानापमान' नाटकात. त्याचे संगीतकार गोविंदराव टेंब्यांनी पूरबेकडच्या, म्हणजे बनारसच्या बाजूच्या, ठुमरी-कजरी या उपशास्त्रीय गाण्यांचा रंग आणला. आणि १९१६ च्या 'स्वयंवरा'त गवई भास्करबुवा बखल्यांनी थेट ख्यालाच्या, म्हणजे शास्त्रीय गायनातल्या, बंदिशींवर पदं बांधली. त्यातलं 'नाथ हा माझा' पुन्हा एकदा ऐका, केवढा यमन राग आहे त्यात! साक्या-दिंड्यांची जुनी ध्वनिमुद्रणं कुणाकडे असतील तर कृपया इथे सांगा.