सर्वोच्च न्यायालयाची सहल: शनिवारी इमारत पाहावी की चालू कोर्टात बसावं?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका विधी महाविद्यालयात शिकवते. पुढच्या महिन्यात तिसऱ्या वर्षाची २८ मुलं घेऊन दिल्लीला जातेय. न्यायालयासाठी एकच दिवस हाताशी आहे. शनिवारी इमारत, ग्रंथालय, संग्रहालय दाखवतात म्हणे. ते घ्यावं की सुनावणी ऐकवावी? निम्मी मुलं मराठी माध्यमातली आहेत, इंग्रजी युक्तिवादात ती हरवतील अशी धास्ती वाटते.

जुनी वही:
ताई, सुनावणीच ऐकवा, पण प्रकरणाचे कागद आधी वाचून जा. मी दोनदा मुलं नेलीत. पहिल्यांदा सोमवारी गेलो. सोमवार आणि शुक्रवार हे दोन दिवस नव्या प्रकरणांचे. बहुतेक वेळा दाखल करून घ्यायचं की नाही एवढंच ठरतं. मुलांनी वह्या उघडेपर्यंत तीन प्रकरणं संपली. आमच्या पुढच्या रांगेत एक वयस्क पक्षकार फाईल छातीशी धरून बसले होते. त्यांचे वकील जेमतेम दीड मिनिट बोलले आणि 'डिसमिस्ड'. ते उठून गेले. बाहेर आल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, त्या आजोबांचं नक्की काय चुकलं?" मला सांगता आलं नाही. ते आजही सलतं.

दुसऱ्या खेपेला आठवड्याच्या मधला दिवस धरला. संभाव्य तारखा पाहून तीन अपिलं निवडली (एखादं बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत, येतच नाही, म्हणून तीन), त्यांतले उच्च न्यायालयाचे निकाल वर्गात वाचले, दोन्ही बाजूंनी मुलांना भांडायला लावलं. एक अपील आमच्यासमोर निघालं. न्यायमूर्तींनी वकिलांना जो प्रश्न टाकला, तोच आमच्या एका मुलाने वर्गात काढला होता. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. तोही मराठी माध्यमातलाच.

संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे कामकाज इंग्रजीत चालतं, पण न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर कितीतरी निकाल मराठीत आहेत. तिथून सुरुवात करा, संज्ञा अंगवळणी पडतात.

पास सुस्वागतम पोर्टलवर काढतात; गट मोठा असेल तर रजिस्ट्रीला (न्यायालयाच्या कार्यालयाला) आधी पत्र पाठवा. मोबाईल आत नेता येत नाही. कामकाज साडेदहाला सुरू होतं, तपासणीला वेळ लागतो, तेव्हा नऊलाच पोहोचा. आत शिरताना मान लववायची, हे मुलांना आधीच सांगा.

भीमथडी:
आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे, वकिलाच्या गाऊनमध्ये, हातात संविधान. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी बसवला. तिथे मुलांकडून अनुच्छेद ३२ (मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क) मोठ्याने वाचून घ्या. बाबासाहेब त्याला संविधानाचा आत्मा म्हणाले होते.

कृष्णाकाठ:
बुधवार ठरवला. भूसंपादनाच्या मोबदल्याचं एक अपील आजच वर्गात घेतलं. सरकारच्या बाजूने उभं राहायला कुणीच तयार होईना, सगळी शेतकऱ्यांचीच पोरं. शेवटी मी उभी राहिले. तासाभरात त्यांनी मला निरुत्तर केलं.