मदत हवी आहे: पडलेल्या आंब्याच्या फळ्या पुण्यात कुठे कापून मिळतील?

नमस्कार मंडळी. सहकारनगरला काकांच्या बंगल्याच्या आवारातला आंबा वादळात उन्मळून पडला. अग्निशमन दलाने फांद्या तोडून रस्ता मोकळा केला, खोड अजून तिथेच आहे. वखारवाला जळणासाठी न्यायला टपलाय. इतकं सरळ, निरोगी खोड चुलीत जाऊ द्यायला मन धजत नाही. मला त्याच्या फळ्या करून जेवणाचं टेबल बनवायचंय.

खोड ८ फूट लांब, मध्यावरचा घेर ६६ इंच. घेराच्या चौथ्या हिश्श्याचा वर्ग गुणिले लांबी, या बाजारी हिशेबाने साधारण १५ घनफूट. ओलं आहे, म्हणजे वजन अर्धा टन तरी असेल.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये चौकशी केली. एका मिलवाल्याने आधी हेच विचारलं, "बंगल्यातलं झाड ना? मग खिळे असणार." आहेच. कपडे वाळत घालायच्या तारेचा हूक सालीने पुरता गिळलाय, वर नुसता काळपट डाग आणि बोटभर खळगा दिसतो. पातं तुटेल म्हणून त्याने नाही म्हटलं.

असं लाकूड कापून देणारं कोणी माहीत आहे का? फळी किती जाड काढू? खोड हलवायला काही कागद लागतात का? आणि या पावसात ते वाळवायचं कसं? आंबा लवकर काळा पडतो नि त्याला कीडही लागते, म्हणून घाई आहे.

प्रतिसाद १:
आधी कागदाचं बघा. शहरातल्या झाडांना १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड आपोआप पडलं असलं तरी महापालिकेच्या उद्यान विभागाला फोटोंसह अर्ज द्या आणि पोच घ्या. वाहतुकीचं काय लागेल तेही तिथेच विचारा, मगच टेम्पो बोलवा. लाकूड कुठून आलं हे मिलवालाही विचारणारच.

हुकासाठी मेटल डिटेक्टर फिरवा आणि तेवढा तुकडा चेनसॉने उडवून टाका. टेबल ६ फुटांचं झालं तरी चालेल, पण स्वच्छ खोड दाखवलंत तर मिलवाला तयार होईल. जागेवरच चेनसॉला चौकट लावून कापणारेही असतात, पण त्यात दर कापाला ८ ते १० मिलिमीटर भुसा होतो. मिलमधल्या बँडसॉवर (पट्ट्याच्या करवतीवर) २-३ मिलिमीटरच जातं.

प्रतिसाद २:
तयार फळी एक इंच हवी असेल तर सव्वा इंचाची काढा, वाळताना आकसते आणि रंध्यातही जाते. मगज, म्हणजे खोडाचा अगदी मधला गाभा, कोणत्याही फळीत ठेवू नका, ती हमखास तडकते. कापल्या दिवशीच टोकांना ऑइलपेंट किंवा मेण लावा आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी सगळीकडून मारा. पावडर पाडणारा किडा आंब्याला फार लवकर धरतो.

रचताना दीड-दीड फुटावर कोरड्या पट्ट्या ठेवा, सगळ्या थरांतल्या एकाखाली एक, नाहीतर फळ्या वाकतात. वर वजन ठेवा. पत्र्याखाली, पण चहूबाजूंनी वारा खेळेल अशी जागा हवी. प्लास्टिकने गुंडाळलंत तर बुरशी येईल. पावसाळ्यात लाकूड फारसं वाळत नाही, त्याची काळजी नको. जपायचं ते ऑक्टोबरच्या उन्हात, झपाट्याने वाळून तडकतं म्हणून. तेव्हा पश्चिमेकडून गोणपाट सोडा. इंचाला एक वर्ष धरा आणि ओलावा १२ टक्क्यांवर आल्याशिवाय टेबलाला हात घालू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. उद्याच अर्ज देतो. एवढ्यात कोणाकडे मेटल डिटेक्टर दोन दिवसांसाठी मिळेल का? कोथरूड, धायरी, कुठेही येऊन घेऊन जाईन.