श्रीरामपूरला वारसा नाही म्हणणाऱ्यांस सविस्तर उत्तर

कालवाकाठ:
‘श्रीरामपूर म्हणजे रेल्वे स्थानकाशेजारी वाढलेली आडत. इथे किल्ला नाही, लेणे नाही, साधा जुना वाडा नाही. वारसा जपण्याच्या गोष्टी पैठण-नेवाशाने कराव्यात,’ असे ‘नेवासकर’ या सदस्याने परवा लिहिले आणि त्यावर आपल्याच तालुक्यातल्या मंडळींनी माना डोलावल्या. राजेरजवाड्यांनी बांधले तेवढेच जपण्याजोगे, ही समजूत मला मान्य नाही, म्हणून हा धागा.

१८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. प्रवरेकाठच्या बेलापूरसाठी गावापासून दूर जे स्थानक झाले, त्याच्याभोवती बेलापूर रोड ही वस्ती वाढली आणि तिचेच पुढे श्रीरामपूर झाले. खरा पालट मात्र पाण्याने घडवला. भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेले प्रवरेचे कालवे बारमाही वाहू लागले. हे कालवे दुष्काळावर उपाय म्हणून काढले होते, परंतु पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीवाला शेतकरी पाण्याची मागणीच करीत नसे. त्यामुळे खर्च भरून काढायचा तर वर्षभर पाणी घेणारे पीक हवे होते. तिथून ऊस आला आणि उसामागून १९२०च्या दशकात हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आला. १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्स काढली आणि त्यातून टिळकनगर वसले. नीरा कालव्यावर ऊस शिकलेले सासवडकडचे माळी बागायतदार बिऱ्हाडे घेऊन इकडे आले. त्यांनी लव्हाळ्या-हरळीचे रान मोडून जे उभे केले, त्याला पायाभरणी म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? स्थानकाचा जुना भाग, कालव्यावरची दगडी बांधकामे आणि हरेगावची कंपनीच्या काळातील वसाहत या तिन्हींची रीतसर नोंद व्हावी आणि तिथे फलक लागावेत, एवढेच माझे मागणे आहे.

खंडकऱ्याचा नातू:
लेख माहितीपूर्ण आहे, पण ‘रान मोडून’ हे दोन शब्द वाचून थांबलो. रान ओसाड पडले होते, असे आपणास कोणी सांगितले? त्या जमिनींना मालक होते. माझ्या पणजोबांनी आपली जमीन एका साखर कंपनीस खंडाने दिली, कारण कालव्याचे पाणी घेण्याइतके, बैल आणि खत उभे करण्याइतके भांडवल त्यांच्याजवळ नव्हते. खंड इतका किरकोळ होता की पुढे तो आणायला जाण्याचे भाडेही त्यातून सुटत नसे, असे आजी सांगायची. १९६१ मध्ये कमाल जमीन धारणेचा कायदा झाला. कंपन्यांकडच्या जमिनी शासनाने काढून घेतल्या, पण त्या मूळ मालकांकडे परत न येता १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांना, म्हणजे खंडाने जमीन दिलेल्या मूळ मालकांना, जमिनीचे वाटप सुरू व्हायला २०१२ उजाडले. ज्यांच्या नावे सातबारा होता, ती पिढी तोवर संपली होती. आता त्याच मळ्यांत ‘येथे पायोनियरांनी नंदनवन फुलवले’ असा फलक लावायचा आणि आम्ही त्याला हार घालायचा, असा आपला बेत दिसतो.

लोणीकर:
चर्चा भलतीकडे चालली आहे. प्रवरा पट्ट्याचा वारसा सांगायचा आणि प्रवरा सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटलांचे नाव एकदाही घ्यायचे नाही, हा प्रकार श्रीरामपूरकरांनाच जमतो. खासगी कारखानदारीला शेतकऱ्यांनी जे उत्तर दिले, ते लोणीच्या माळरानावर दिले. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष झाला, वैकुंठभाई मेहतांनी सरकारातून पाठबळ दिले आणि १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आमच्या दारात असताना हरेगावच्या पडक्या भिंतींचे कौतुक कशाला?

हिशेबी:
लोणीकर, ‘आशियातला पहिला’ हे लहानपणापासून ऐकत आलो आहे. आंध्रातील विशाखापट्टणमकडच्या एटिकोप्पाका येथील सहकारी संस्था १९३३ची आहे. शेतकऱ्यांनी स्वतः काढलेला कारखाना म्हणाल, तर सासवड माळी शुगर फॅक्टरी १९३२ची असून ती माळीनगरला आहे. प्रवरा कारखान्याचे मोठेपण पहिलेपणात नाही. शेकडो लहान शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवले, कारखाना टिकवला आणि त्या नमुन्यावर महाराष्ट्रभर कारखाने निघाले, यात ते मोठेपण आहे. एवढे पुरेसे असताना आशिया खंड मध्ये आणण्याची गरज नाही.

लोणीकर:
माळीनगरचा कारखाना भागधारकांची कंपनी आहे, सहकारी संस्था नव्हे. एटिकोप्पाक्याचे नाव इथल्या किती वाचकांनी आजवर ऐकले होते, तेही विचारून पाहा. माझे वडील प्रवरेचे सभासद होते. भागाचे पैसे भरण्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या होत्या. तुम्हाला सनावळ्या पाठ आहेत, आम्हाला त्या पाटल्या आठवतात.

हिशेबी:
पाटल्यांविषयी पूर्ण आदर आहे. मात्र त्या मोडल्याने एटिकोप्पाक्याचे नोंदणीवर्ष पुढे सरकत नाही.

कालवाकाठ:
दोघांनाही विनंती आहे की लोणी विरुद्ध श्रीरामपूर हे भांडण बाजूला ठेवावे. विखे पाटलांचे नाव मी टाळले नाही. प्रवरानगरला पुतळे आणि स्मारके आहेत, हरेगावला काहीच नाही, म्हणून हरेगावविषयी लिहिले. खंडकऱ्यांचा मुद्दा गंभीर आहे, परंतु हरेगाव मळ्यातल्या जमिनी शेवटी खंडकऱ्यांना मिळाल्याच ना? मग शंभर वर्षांपूर्वीचा राग आजच्या दगडी बांधकामांवर का काढायचा?

खंडकऱ्याचा नातू:
हे वाक्य वाचून कपाळावर हात मारला. अहो, हरेगावच्या सगळ्याच जमिनी खंडाच्या नाहीत! नऊ गावांतील सात हजारांहून अधिक एकर जमीन १९१८ मध्ये इंग्रज सरकारने घेतली आणि ती कंपनीच्या हाती गेली. तिलाच आकारी पडीत म्हणतात. त्या शेतकऱ्यांना खंडकरी म्हणून परत मिळण्याचा हक्कच लागू झाला नाही. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मोर्चे निघाले, न्यायालयाच्या पायऱ्या चढून झाल्या. ज्याला खंडकरी आणि आकारी पडीत यांतला फरक माहीत नाही, त्याने हरेगावच्या फलकाचा मजकूर लिहू नये. इतिहासाची आवड वेगळी आणि तलाठ्याच्या दप्तरात डोके घालणे वेगळे.

कालवाकाठ:
फरक मला ठाऊक आहे. मी महामंडळाने केलेल्या वाटपाविषयी लिहिले होते आणि आपण त्याचा विपर्यास करीत आहात. तरीही आपल्या समाधानासाठी फलकावर ‘आकारी पडीत’ असा स्वतंत्र परिच्छेद घालू. इतर मजकुराला जागा उरली तर.

मतमाउलीची वाट:
जमीन कोणाची होती यावर इतके वाद झाले. त्या जमिनीत राबले कोण, हे मात्र एकाही गृहस्थाने लिहिले नाही. माझे आजोबा गावकुसाबाहेरचे. गावात होते तोवर त्यांच्या वाट्याला बलुत्याची शिळी भाकरी आली. हरेगावच्या मळ्यावर आल्यावर आठवड्याचा रोख पगार आणि चाळीत एक खोली मिळाली. पगार थोडा होता, मुकादमाची शिवी ठरलेली होती, पण मुलगा मिशनच्या शाळेत गेला. कंपनी काही पुण्यवान नव्हती. तरीही ‘पूर्वी सारे आमचे होते’ असे बागायतदार म्हणतात, तेव्हा त्या ‘पूर्वी’त आमचे काय होते, हे त्यांनी सांगावे. दर सप्टेंबरमध्ये मतमाउलीच्या, म्हणजे मदर मेरीच्या, यात्रेला अवघ्या महाराष्ट्रातून लोक हरेगावला येतात, काही तर पायी येतात. ज्या गावाला वारसा नाही असे नेवासकर लिहितात, तिथे ते एकदा यात्रेच्या दिवशी येऊन गर्दीतून वाट काढून दाखवोत.

खंडकऱ्याचा नातू:
ताई, मळ्यावरच्या मजुरांविषयी माझी तक्रार नाही आणि कधीच नव्हती. पण कंपनीने रोख पगार दिला म्हणून तिने घेतलेली जमीन पावन होत नाही.

मतमाउलीची वाट:
पावन होते असे मी म्हटलेले नाही. तुमच्या पणजोबांच्या शेतावर सालगड्याला रोख पगार मिळत होता का, एवढेच विचारते.

नेवासकर:
माझ्या चार ओळींवर एवढा ग्रंथ रचला जाईल याची कल्पना नव्हती. हरेगावच्या यात्रेचा मुद्दा मान्य. तो वारसाच आहे, आणि तो कंपनीच्या भिंतींनी नव्हे तर माणसांनी जपला आहे, म्हणून माझे म्हणणे अधिकच पक्के होते. कालव्याची मोरी जपा किंवा पाडा, तिच्यासमोर कोणी हात जोडणार नाही. नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या पैस खांबासमोर जोडतात. शिवाय ज्या उसाने निम्मा पट्टा चोपण, म्हणजे क्षारांनी नापीक, करून ठेवला, पाटाच्या पाण्याने जमिनी खारावल्या, त्याच उसाच्या आगमनाचा सोहळा तुम्ही मांडता आहात. फलक लावायचाच असेल तर एखाद्या चोपण शिवारात लावा.

हिशेबी:
चोपणाचा मुद्दा योग्य आहे, जरी तो वाद हरत आल्यावर सुचलेला असला तरी. पाटाचे अमर्याद पाणी आणि निचऱ्याची सोय नाही, याचा तो परिणाम आहे. निचऱ्याच्या चरांचा इतिहासही मग कालव्याच्या इतिहासात घ्यावा लागेल.

लोणीकर:
म्हणजे फलकावर खंडकरी, आकारी पडीत, मळ्यावरचे मजूर, यात्रा, चोपण आणि चर इतके सारे येणार, आणि ज्यांनी शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले त्यांना जागा नाही. छान!

कालवाकाठ:
त्यांनाही जागा आहे, लोणीकर. आपल्या वडिलांच्या भागाची पावती घरात असेल तर तिचे छायाचित्र द्यावे. खंडकऱ्याच्या नातवाने खंडाच्या नोंदीची नक्कल द्यावी. ताईंनी आजोबांविषयी जे लिहिले, ते त्यांच्या परवानगीने आहे तसे घेऊ. फलकाचा पहिला मसुदा आकारी पडीतच्या नऊ गावांपासून सुरू करतो.

खंडकऱ्याचा नातू:
नक्कल देतो. मसुदा आधी मला दाखवा.